यूएसबी प्रिंटर एकाच डेस्कटॉपला, घरातल्या बाकीच्यांनी छापायचं कसं? लिनक्सवाल्यांनो मदत करा

कागदीघोडा

मंडळी, तीन दिवस डोकं लावून बसलोय, शेवटी हात टेकले म्हणून धागा काढतोय. घरात एक काळापांढरा लेझर प्रिंटर आहे, जुना पण ठणठणीत, त्याला वायफाय नाही की लॅनची केबल लावायला जागा नाही, फक्त यूएसबी. तो माझ्या डेस्कटॉपला जोडलाय, त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि तिथून मस्त छापतो, त्याबद्दल काही तक्रार नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे. बायकोच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, मुलीच्या लॅपटॉपवर विंडोज, आणि फोन ज्याचे त्याचे. सध्याची पद्धत अशी की ज्याला छापायचंय त्याने मला पीडीएफ पाठवायची, मी उठून डेस्कटॉपवर जायचं, छापायचं आणि कागद नेऊन द्यायचा. थोडक्यात प्रिंट सर्व्हर मीच आहे.

आता काय काय केलं ते सांगतो. डेस्कटॉपवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शेअरची टिक मारली. मिंटवर अ‍ॅड प्रिंटर केलं तर नेटवर्कमध्ये दिसला, खूष झालो. पुढे त्याने ड्रायव्हर विचारला, आमचं मॉडेल यादीत नव्हतं म्हणून त्याच कंपनीचं मिळतंजुळतं एक निवडलं. टेस्ट पेज सोडलं तर पहिल्या पानावर वर डाव्या कोपऱ्यात दोन ओळी काहीतरी अगम्य, दुसऱ्या पानावर एक चौकोन आणि एक प्रश्नचिन्ह, तिसऱ्यावर अर्धी ओळ, आणि मग एकेक कागद ओढतच सुटला राव. ट्रे रिकामा झाला तेव्हा थांबला. कागद घातले तर पुन्हा सुरू! शेवटी प्लगच काढला.

फोनवर तर प्रिंटर दिसतच नाही. विंडोजला हात लावायची अजून हिंमत नाही झाली. शेअरची टिक मारली म्हणजे झालं असं वाटत होतं, नेमकं राहिलंय काय?

उंटावरचा

वायफायवाला प्रिंटर घ्या, विषय संपला.

कागदीघोडा

चालता प्रिंटर टाकून नवा घ्यायचा असता तर धागा कशाला काढला असता हो.

पेंग्विनदादा

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, जुने लेझर प्रिंटर खरंच टिकतात, सांभाळा तो.

आधी दोन्ही मशीनवर कॅन्सल मायनस ए मारा. तो बिघडलेला जॉब अजून रांगेत बसलेला असणार, म्हणूनच कागद घातल्यावर परत सुरू झाला. मग डेस्कटॉपवर आणि मिंटवर एलपीस्टॅट मायनस टी चालवा आणि काय येतं ते इथे टाका. प्रिंटर तोवर बंद राहू दे.

कागदीघोडा

केलं दादा. रांगेत तीन जॉब होते, मी वैतागून पुन्हा पुन्हा सोडलेले 😬

डेस्कटॉपवर रांगेचं नाव हॉल, डिव्हाइसच्या पुढे यूएसबीने सुरू होणारा लांबलचक पत्ता आणि शेवटी सीरियल नंबर. मिंटवरही हॉल, तिथे डिव्हाइस आयपीपीने सुरू होतंय आणि पुढे डेस्कटॉपचा पत्ता. ड्रायव्हर म्हणाल तर डेस्कटॉपवर बरोबर मॉडेलचा आहे, मिंटवर तो मिळताजुळता.

पेंग्विनदादा

मग रोग सापडला. एकाच मजकुराला तुम्ही दोन दुभाषे लावलेत, आणि त्यातला पहिला भलतीच भाषा बोलतोय.

थोडं सविस्तर सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. लिनक्सवर छपाईचं काम कप्स बघतं. तुम्ही अ‍ॅपमधून प्रिंट म्हणता तेव्हा कप्सच्या हातात बहुतेक वेळा पीडीएफ येते. पण तुमच्या प्रिंटरला पीडीएफ कळत नाही, त्याची स्वतःची एक भाषा आहे. म्हणून कप्स त्या पीडीएफला फिल्टरांच्या साखळीतून नेतं, आधी पानाचं चित्र बनतं ज्याला रास्टर म्हणतात, मग त्या चित्राचं प्रिंटरच्या भाषेत भाषांतर होतं, आणि शेवटी बॅकएंड नावाचा एक छोटा प्रोग्रॅम तो सगळा माल यूएसबीच्या तारेत ओततो. ड्रायव्हर ड्रायव्हर म्हणतो ते मुख्यतः हे भाषांतराचं काम.

आता तुमच्याकडे झालं काय, मिंटने चुकीच्या मॉडेलसाठी भाषांतर करून तो माल डेस्कटॉपकडे पाठवला. डेस्कटॉपला ना ती पीडीएफ वाटली ना चित्र. अशा वेळी कप्स कधी अनसपोर्टेड फॉरमॅट म्हणून जॉब नाकारतं, कधी साधा मजकूर समजून छापायला घेतं, आणि कधी 'असेल बुवा प्रिंटरला कळणारं काहीतरी' असं म्हणून जसाच्या तसा पुढे ढकलतं. तुमच्याकडे बहुधा ढकलला. प्रिंटरने ते बाइट्स अक्षरं समजून छापायला घेतले. त्यात मध्येच १२ नंबरचा बाइट आला की त्याचा अर्थ फॉर्म फीड, म्हणजे पान बाहेर टाक. म्हणून एका कागदावर चौकोन, दुसऱ्यावर अर्धी ओळ आणि ट्रे रिकामा.

तेव्हा ज्या मशीनला यूएसबी केबल लागलीय त्यानेच भाषांतर करायचं. बाकीच्यांनी पीडीएफ किंवा तसलंच सरळ काहीतरी पाठवायचं आणि गप्प बसायचं, त्यांच्यावर ड्रायव्हर नकोच.

मिंटवरची हॉल रांग उडवा. लगेच नवीन जोडायला जाऊ नका, आधी एलपीस्टॅट मायनस ई करून बघा. डेस्कटॉप नेटवर्कवर स्वतःची जाहिरात करत असेल तर तो त्या यादीत आपोआप येतो आणि प्रिंट डायलॉगमध्येही दिसतो, काही जोडावं लागत नाही. नाहीच आला तर हाताने जोडा. सुडो एलपीअ‍ॅडमिन मायनस पी हॉल, मग मायनस कॅपिटल ई, मग मायनस व्ही आणि आयपीपीवाला (आयपीपी म्हणजे नेटवर्कवरून छापायची ठरलेली पद्धत) पत्ता म्हणजे डेस्कटॉपचं नाव डॉट लोकल स्लॅश प्रिंटर्स स्लॅश हॉल, शेवटी मायनस एम एव्हरीव्हेअर. तो कॅपिटल ई मायनस पी च्या नंतरच टाका हं. नंतर टाकला तर रांग चालू करतो, आधी टाकला तर त्याचा अर्थ एन्क्रिप्शन होतो. मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवलीय.

मधलीसुट्टी

दुभाष्याचं उदाहरण आवडलं, इतकी वर्षं लिनक्स वापरतेय पण ड्रायव्हर कुणाकडे हवा हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मी प्रत्येक मशीनवर ड्रायव्हर घालत बसायचे.

कागदीघोडा

दादा दंडवत घ्या!! रांग उडवली, एलपीस्टॅट मायनस ई मध्ये हॉल आणि डेस्कटॉपचं नाव असं दोन्ही मिळून आलं, टेक्स्ट एडिटरमधून एक ओळ सोडली आणि हॉलमधून घरघर ऐकू आली. एकच कागद आला. एकच!

आता दोन गोष्टी उरल्या. एक, फोनवर अजूनही दिसत नाही. दोन, मी हौसेने राउटरच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.२० पक्का केला आणि त्याला छापखाना असं नाव दिलं. आकड्याने उघडलं तर कप्सचं पान येतं, छापखाना टाकून उघडलं तर बॅड रिक्वेस्ट. पिंग केलं तर छापखाना बरोबर उत्तर देतोय, मग कप्सलाच काय वावडं आहे?

टर्मिनलवाला

त्या वावड्याला कारण आहे. ब्राउझर कुठल्या नावाने आत आला ते कप्स बघतं, आणि ते नाव आपलं नाही असं वाटलं की दारातूनच परत पाठवतं. कुणी भलत्या वेबसाइटवरून तुमच्याच ब्राउझरच्या आडून कप्सपर्यंत पोचू नये म्हणून ही सोय आहे. तुमच्या मशीनला छापखाना हे नाव राउटरने दिलंय, मशीनला स्वतःला ते माहीतच नाही.

ईटीसीच्या आत कप्स, त्याच्या आत कप्सडी डॉट कॉन्फ ही फाइल. तिच्यात एक ओळ घाला, सर्व्हरअलायस आणि पुढे छापखाना. बरेच जण नावाच्या जागी स्टार टाकतात, त्यानेही चालतं पण मग ती तपासणीच बंद झाली, त्यामुळे मी नाव लिहितो. फाइल सेव्ह केल्यावर कप्स रीस्टार्ट.

फाइल उघडलीच आहे तर वरच्या भागात बघून घ्या. तिथे लिसन लोकलहोस्ट ६३१ असं असेल तर कप्स फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं. शेअरची टिक मारल्यावर ती ओळ जाऊन पोर्ट ६३१ येतं, ब्राउझिंग ऑन होतं आणि खाली लोकेशनच्या डब्यात अलाउ अ‍ॅट लोकल येतं. अ‍ॅट लोकल म्हणजे मशीन ज्या नेटवर्कला थेट जोडलंय तिथल्यांनाच परवानगी. टिक नको असेल तर कप्ससीटीएल मायनस मायनस शेअर-प्रिंटर्स ही कमांडही तेच करते. पण ही झाली सर्व्हरची कडी. प्रत्येक प्रिंटरला प्रिंटर-इज-शेअर्ड अशी त्याची वेगळी कडी असते आणि दोन्ही उघड्या लागतात. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं. तुमचं मिंटवरून छापलं गेलं म्हणजे दोन्ही उघड्या आहेत.

फायरवॉल असेल तर टीसीपी ६३१ आणि यूडीपी ५३५३ उघडा. पहिल्यावर छपाई, दुसऱ्यावर अवाही. अवाही म्हणजे 'मी इथे आहे, माझ्याकडे प्रिंटर आहे' अशी हाळी देत बसणारा डीमन, म्हणजे मागे सतत चालू असलेला प्रोग्रॅम. फोन तीच हाळी ऐकून प्रिंटर दाखवतात. हाळी पोचतेय का ते मिंटवरून आयपीपीफाइंड चालवून कळेल.

कागदीघोडा

छापखाना चालू झाला 😄 आयपीपीफाइंडमध्येही दिसतोय. फायरवॉल कधी लावलीच नव्हती. पण फोन ठार बहिरे आहेत. एक अँड्रॉइड, एक आयफोन, दोन्हीवर नो प्रिंटर्स फाउंड.

शाई_संपली

आयफोनवर दिसायला काहीतरी वेगळं पॅकेज टाकावं लागतं ना? एअरप्रिंटसाठी म्हणून मी मागे कुठूनतरी एक स्क्रिप्ट उतरवून चालवली होती, तिने अवाहीच्या फोल्डरमध्ये कसल्यातरी फाइली बनवल्या.

पेंग्विनदादा

ती जुनी गोष्ट झाली. एअरप्रिंट २०१० मध्ये आलं तेव्हा कप्सला त्याची जाहिरात नीट करता येत नव्हती म्हणून लोक तसल्या स्क्रिप्टा चालवायचे. आता कप्स, कप्स-फिल्टर्स आणि अवाही हे तिघं धड चालू असतील तर शेअर केलेला प्रिंटर आयफोनला एअरप्रिंट म्हणूनच दिसतो, आणि अँड्रॉइडच्या डीफॉल्ट प्रिंट सर्व्हिसलाही. जुन्या फाइली पडून असतील तर उलट एकच प्रिंटर दोनदा दिसतो आणि त्यातला एक चालत नाही, तेव्हा त्या काढून टाका.

कागदीघोडा, फोन नक्की त्याच नेटवर्कवर आहेत ना? पत्ता बघा फोनचा.

कागदीघोडा

घरात एकच राउटर आहे हो, दुसरं कुठलं नेटवर्क असणार?

कागदीघोडा

थांबा.

कागदीघोडा

फोनचा पत्ता १९२.१६८.५ ने सुरू होतोय. राउटर लावला तेव्हा लावणाऱ्याने दोन नावं करून दिली होती, एक साधं आणि एक शेवटी गेस्ट लिहिलेलं, आणि गेस्टचा पासवर्ड सोपा म्हणून आम्ही सगळ्यांनी फोनमध्ये तोच टाकला. दोन वर्षं घरचे लोक घरातच पाहुणे म्हणून राहतायत.

मधलीसुट्टी

😂😂😂

टर्मिनलवाला

गेस्ट नेटवर्कचं कामच ते, पाहुण्याला इंटरनेट द्यायचं पण घरातलं काही दिसू द्यायचं नाही. अवाहीची हाळी तशीही एका नेटवर्कमधून दुसऱ्यात आपोआप जात नाही. फोन मुख्य नेटवर्कवर घ्या. तिथेही नाही दिसलं तर राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असं काही चालू आहे का बघा, त्याने एकाच वायफायवरची उपकरणंसुद्धा एकमेकांना दिसत नाहीत.

कागदीघोडा

दिसला. दोन्ही फोनवर. काही न टाकता.

रिकामटेकडी

विंडोजचं मी सांगते, आमच्याकडे हेच आहे. अ‍ॅड प्रिंटरमध्ये शोधाशोध करू द्या आणि सापडत नाही म्हटल्यावर खाली 'मला हवा तो यादीत नाही' अशा अर्थाची लिंक येते तिथे जा. नावाने शेअर्ड प्रिंटर निवडायचा पर्याय घ्या आणि एचटीटीपीने सुरू होणारा पूर्ण पत्ता टाका, १९२.१६८.१.२०, कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स, स्लॅश हॉल. पोर्ट नंबर विसरू नका, माझं दर वेळी तेच राहतं. ड्रायव्हर विचारला तर मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर निवडा. तुमच्या प्रिंटरच्या मॉडेलचा अजिबात नको, नाहीतर परत तेच दोन दुभाषे. तो नसेल दाखवत तर कुठलातरी जेनेरिक पोस्टस्क्रिप्टवाला घ्या, कप्सला पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा कळते.

रांगेच्या नावात स्पेस चालत नाही, स्लॅश नाही, हॅश नाही. तुमचं हॉल आहे ते उत्तम. वर्णनात काय वाट्टेल ते लिहा.

सांबाने (विंडोजच्या पद्धतीने शेअर करणारा प्रोग्रॅम) पण करता येतं पण एका प्रिंटरसाठी मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

उंटावरचा

एवढं केलंच आहे तर राउटरवर ६३१ पोर्ट बाहेर उघडून टाका आणि कप्ससीटीएलला रिमोट-एनी द्या, म्हणजे बाहेरून कुठूनही घरी छापता येईल. ऑफिसातून सोडायचं, घरी पोचेपर्यंत कागद तयार.

टर्मिनलवाला

नको नको नको. हे कुणीही करू नका. रिमोट-एनी म्हणजे अ‍ॅट लोकलची अट काढून टाकणं, आणि राउटरवर पोर्ट उघडलं की जगातल्या कुणालाही तुमच्या ट्रेमधले कागद संपवता येतात. ते तर किरकोळ. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्डमधली भोकं जाहीर झाली ती आठवतायत का? तो प्रोग्रॅम यूडीपी ६३१ वर कुणाचंही ऐकायचा. बाहेरच्याने 'मी प्रिंटर आहे' असं एक पाकीट पाठवलं की तो खोटा प्रिंटर जोडला जायचा, आणि घरातल्या कुणी त्यावर काही छापायला सोडलं की हल्लेखोराने लिहिलेली कमांड तुमच्या मशीनवर चालायची. दुरुस्त्या आल्यात, अपडेट करून ठेवा, पण तेव्हा ज्यांचं पोर्ट बाहेर उघडं होतं त्यांना किती घाम फुटला असेल विचार करा.

आणि हो, प्रिंटर वाटणाऱ्या मशीनला कप्स-ब्राउज्ड लागतच नाही, जाहिरात कप्स स्वतः अवाहीमार्फत करतं. मी माझ्या सर्व्हरवर तो बंद करून ठेवलाय, काही अडत नाही. बाहेरून छापायचंच असेल तर व्हीपीएनने घरात या आणि मग छापा.

उंटावरचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शाई_संपली

माझं एक वेगळंच दुखणं आहे. सगळं चालतं, पण मध्येच कधीतरी रांग पॉज्ड होऊन बसते आणि मग घरातले सगळे एकामागून एक जॉब सोडत राहतात, कुणालाच काही कळत नाही. मी जाऊन रिझ्यूम दाबलं की पंधरा कागद एकदम.

पेंग्विनदादा

ती एरर पॉलिसी. छापताना यूएसबी हलली किंवा फिल्टर कोसळला की पुढे काय करायचं हे प्रत्येक रांगेला सांगून ठेवता येतं. तुमच्याकडे स्टॉप-प्रिंटर असणार, म्हणजे गडबड झाली की दुकान बंद. घरासाठी रीट्राय-जॉब किंवा अबॉर्ट-जॉब बरं. एलपीअ‍ॅडमिन मायनस पी, नाव, मायनस ओ, प्रिंटर-एरर-पॉलिसी बरोबर रीट्राय-जॉब. बंद पडलेली रांग चालू करायला कप्सएनेबल आणि पुढे नाव, प्रत्येक वेळी ब्राउझर उघडायची गरज नाही.

पण मुळात पॉज का होतेय ते शोधा. कप्ससीटीएल मायनस मायनस डीबग-लॉगिंग करून ठेवा आणि पुढच्या वेळी व्हार लॉग कप्समधला एरर-लॉग वाचा. काम झालं की डीबग बंद करा, फाइल भराभरा फुगते. माझ्याकडे तेव्हा शेवटी केबल निघाली, पाच मीटरची लांबलचक घेतली होती, ती बदलून आखूड लावली आणि गप्प झालं.

कागदीघोडा

विंडोजपण झालं, रिकामटेकडी ताई धन्यवाद. पोर्ट नंबर मीही विसरलो होतो.

आता प्रश्न उरला डेस्कटॉप सतत चालू ठेवण्याचा. तो झोपला की सगळ्यांचा प्रिंटर गायब. एका छपाईसाठी एवढं मोठं धूड दिवसभर चालू ठेवणं जिवावर येतं. छोटा बोर्ड घेऊन त्यावर टाकावं का, रास्पबेरी पाय वगैरे?

रिकामटेकडी

टाका, पण आधी ड्रायव्हर बघा!! मी आधी बोर्ड आणला, सगळं बसवलं आणि मग कळलं की आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीने फक्त इंटेलवाल्या मशीनसाठी बनवून ठेवलाय. त्याचा सोर्स कुणाकडे नाही आणि असल्या बोर्डांवर एआरएम प्रोसेसर असतो. पॅकेज टाकलं जातं, पीपीडी, म्हणजे ड्रायव्हरची प्रिंटरच्या माहितीची फाइल, पण दिसते, रांगही बनते, आणि छापायला सोडलं की फिल्टर फेल्ड. लॉगमध्ये एक्झेक फॉरमॅट एरर. एवढ्या तीन शब्दांसाठी मी दोन रात्री जागले. शेवटी तो बोर्ड दुसऱ्या कामाला लावला आणि एक जुना लॅपटॉप कपाटातून काढला, बॅटरी मेलेली, स्क्रीनवर रेघा, पण प्रोसेसर इंटेलचा. तो गेले दीड वर्ष प्रिंटरखाली झाकण मिटून पडलाय, काही तक्रार नाही.

झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून सिस्टिमडीच्या लॉगइनडी कॉन्फमध्ये हँडललिडस्विच इग्नोर करायला लागतं तेवढं.

पेंग्विनदादा

अगदी बरोबर. कागदीघोडा, तुमचा ड्रायव्हर डेबियनच्या भांडारातून आलेला असेल, म्हणजे गुटेनप्रिंट, एचपीलिप, ब्रलेझर वगैरेपैकी, तर तो एआरएमवर पण मिळतो, बिनधास्त जा. कंपनीच्या साइटवरून डेब फाइल उतरवून टाकला असेल तर आधी त्या फाइलच्या नावात काय लिहिलंय बघा. एएमडी६४ किंवा आय३८६ (दोन्ही इंटेलवाल्या मशीनच्या खुणा) एवढंच असेल तर ताईंची गोष्ट परत वाचा.

अवांतर, काही जुन्या स्वस्त लेझरांना चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअर पण यूएसबीतून पाजावं लागतं, त्यांच्या पोटात ते साठवायला जागाच नसते. तसला असेल तर सर्व्हरने ते काम आपोआप करायला हवं, नाहीतर प्रिंटर बंद करून चालू केला की मुका.

टर्मिनलवाला

जुना राउटर पडलेला असेल आणि त्याला यूएसबी असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारं लिनक्स) आणि त्यावर पी९१०एनडी हा पण एक मार्ग आहे. पी९१०एनडी बिचारा काहीच करत नाही, ९१०० पोर्टवर येईल ते यूएसबीत ओततो, ना रांग ना फिल्टर. म्हणून इथे दादांचा नियम उलटा होतो, भाषांतर करायला मध्ये कुणी नाही त्यामुळे प्रत्येक लॅपटॉपवर बरोबर ड्रायव्हर हवाच, आणि फोन विसरा.

मधलीसुट्टी

माझा प्रिंटर तसा नवा आहे, त्यालाही वायफाय नाही, पण डेबियनवर यूएसबी लावली की काही न करता आपोआप रांग बनते. त्यात ड्रायव्हरच्या जागी ड्रायव्हरलेस दिसतं. हे काय आहे?

पेंग्विनदादा

तुमचा प्रिंटर यूएसबीतूनच आयपीपी बोलतो, आणि आयपीपी-यूएसबी नावाचा डीमन त्याला असं भासवतो की जणू तो नेटवर्क प्रिंटर आहे. डेबियन ११ पासून तो आहे. साधारण ६०००० नंबरच्या पोर्टवर बसतो पण फक्त लोकलहोस्टवर, म्हणून थेट शेजारच्या मशीनला दिसत नाही, कप्समधूनच शेअर करायचा, बाकी सगळं तसंच. एक काळजी घ्या, तो डीमन प्रिंटर धरून बसलेला असताना जुन्या पद्धतीने यूएसबीची वेगळी रांग बनवायला गेलात तर दोघांची मारामारी होते आणि छापत कुणीच नाही. एकालाच ठेवा.

पुढचं सगळं याच दिशेने चाललंय. कप्स १९९९ मध्ये लोकांसमोर आलं, २००७ मध्ये अ‍ॅपलने घेतलं, आणि आता लिनक्सवर आपण वापरतो ते ओपनप्रिंटिंगवाले सांभाळतात. त्यांच्या ३ नंबरच्या आवृत्तीत पीपीडीवाले जुने ड्रायव्हर जाणार आहेत. जुन्या प्रिंटरांसाठी प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन नावाचा प्रकार असतो, एक छोटा प्रोग्रॅम जो जुन्या प्रिंटरच्या पुढे उभा राहून जगाला सांगतो की हा आयपीपी प्रिंटर आहे. म्हणजे दुभाषा तोच, फक्त कप्सच्या पोटातून बाहेर येऊन दारात उभा राहिला.

कागदीघोडा

माझा ड्रायव्हर भांडारातलाच निघाला, त्यामुळे बोर्ड मागवलाय. तोवर डेस्कटॉपवर स्लीप टार्गेट मास्क करून ठेवलंय, झोपतच नाही आता.

एक शेवटचं. मिंटवरून काही काही पीडीएफ छापल्या की प्रिंटरचा नारिंगी दिवा लुकलुकतो, बटण दाबलं की छापतो, पण खालची एखादी ओळ कापलेली. सगळ्याच पीडीएफना नाही. डेस्कटॉपवरून असं कधीच होत नाही.

टर्मिनलवाला

लेटर! प्रिंटर लेटर साइझचा कागद मागतोय आणि ट्रेमध्ये ए४ आहे. 'घाला कागद' म्हणून दिवा लुकलुकतो, तुम्ही बटण दाबलं की 'बरं, आहे त्यावर छापतो' म्हणतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए४ २१० बाय २९७, म्हणजे एक रुंद आणि एक लांब, एकाचं पान दुसऱ्यावर टाकलं की कुठेतरी कापणारच.

डेस्कटॉपवर एलपीअ‍ॅडमिन मायनस पी हॉल मायनस ओ पेजसाइझ बरोबर ए४ करा म्हणजे तिकडचा डीफॉल्ट पक्का. मग मिंटवर ज्या अ‍ॅपमधून छापता त्याच्या पेज सेटअपमध्ये बघा, काही अ‍ॅप स्वतःचंच काहीतरी लक्षात ठेवतात आणि सर्व्हरच्या डीफॉल्टला विचारतच नाहीत. भाषा अमेरिकन इंग्लिश ठेवली असेल तर लेटर तिथूनच येतं. आणि फिट टू पेजची टिक.

कागदीघोडा

भाषा अमेरिकन इंग्लिशच होती. बदलली, पेज सेटअपही बदललं, दिवा गप्प.

आत्ता मुलीने तिच्या खोलीतून फोनवरून नऊ पानं सोडली, मी जागचा हललो नाही. मग तिकडून आवाज आला, बाबा कागद आणून द्या.

मधलीसुट्टी

वाचनखूण साठवली आहे.

शाई_संपली

माझी केबलच निघाली दादा. लॉगमध्ये यूएसबी तुटल्याची नोंद दर वेळी, आखूड केबल लावल्यापासून चार दिवस पॉज नाही. आता एक विचारू का, हाच प्रिंटर स्कॅनर पण आहे, स्कॅनिंग असंच सगळ्यांना वाटता येतं का?

पेंग्विनदादा

येतं, पण ते कप्सचं काम नाही. सेन म्हणजे लिनक्सवरची स्कॅनिंगची व्यवस्था, तिचा सेनडी नावाचा डीमन आहे, पोर्ट ६५६६, आणि दुसरीकडच्या मशीनवर नेट डॉट कॉन्फमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकायचा. फोनला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी नवीन धागा काढा, तिथे लिहितो.